पेंटरचे सात अंक

कारंजा, मंगळवार, १२ मार्च

आज पेंटरच्या शोकसभेत अर्धा तास बोललो. त्याने आमच्या मोर्च्यांचे फलक रंगवले, तेवढंच सांगितलं. तरुणपणी तो मासिकांसाठी प्रेमाच्या चित्रकथा काढायचा, हे गिळलं. काय हात होता! नायिकेच्या पापणीवर अश्रू थांबलेला असायचा, कधी गालावर उतरायचा नाही.

सभा संपल्यावर त्याची बायको म्हणाली, "भाऊ, त्या चित्रांचं नाव काहून नाई काढलं? आताई लाज वाटते काय?"

याच गावात, भर सभेत, मीच त्या चित्रांना घाण म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी त्याने घरातले सगळे अंक चुलीत घातले. पुन्हा चित्रकथा काढली नाही.

"त्यातली बाई ते मलेच पाहून काढत. एखादा अंक भेटन काय कुठी?"

"नाही, वहिनी. आता कुठे मिळणार?"

का म्हणालो असं? सात अंक माझ्याच कपाटात आहेत, वैचारिक ग्रंथांच्या मागे. त्यांना घाण म्हणणारं ते भाषण द्यायला निघालो, तोही नवा अंक वाचूनच. आता तोच समोर उघडा आहे. विशीतल्या वहिनी, पापणीवर तो अश्रू.

सभेत त्या रडल्या नाहीत. मी 'नाही' म्हणालो, तेव्हा मात्र तो गालावर उतरला.