श्वासांचा रकाना

प्रिय डेल्फीन,

तुझं पत्र पोचून दहा दिवस झाले. उत्तर चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. विनिपेगमध्ये अजून बर्फ हटलेला नाही. विद्यापीठात आपल्या विभागाच्या पायऱ्या बर्फ वितळायला मीठ टाकून टाकून पांढऱ्याफटक पडल्या आहेत. तू पाइक नॅरोजला आईजवळ आहेस हे वाचून बरं वाटलं. तिच्या हातची बॅनकची जाड भाकरी पोटभर खा आणि परीक्षेची राहिलेली झोप काढ. संशोधनपद्धतीत वर्गात पहिली आलीस, हे तिला सांगितलंस की नाही? की तेही माझ्यावरच सोडलंस?

ऑक्टोबरमधला तो तास मला विसरता येत नाही. मी वीस वर्षं तीच यादी शिकवत आले: उत्तरेकडच्या तीन वस्त्या, दोनशे बारा तान्ही बाळं, नावं नाहीत, नुसते आकडे. एकशे सतरावी ओळ होती मुलीची. वय चार महिने, घरात बारा माणसं, दवाखाना तळ्यापलीकडे, आणि शेवटी शेरा, ‘दुसऱ्या भेटीला उपलब्ध नाही’. तुमच्या वर्गातला कॉलिन म्हणाला, “काढून टाकू या की ही ओळ. निकालात काही फरक पडत नाही.” तू मान वर न करता म्हणालीस, “आमच्या घरात पडला.” वर्गाला काही कळलं नाही. सगळे गेल्यावर तू टेबलापाशी आलीस. “तळ्यापलीकडे दवाखाना असलेली वस्ती आमचीच. त्या वर्षी तिथं चार महिन्यांची एकच मुलगी होती. रोवीना. माझी धाकटी बहीण. उपलब्ध कुठून असणार? तिला पुरलं होतं.”

मी माफी मागितली, ही यादी पुन्हा वर्गात आणणार नाही म्हणाले. तू म्हणालीस, “आणा. फक्त शेरा खरा लिहा.” मी तो बदलला. त्यावर तू माझे आभार मानलेस, आणि मी ते घेतले.

जानेवारीत जागतिक आरोग्याच्या वर्गात सगळे नकाशावर समुद्रापलीकडे बोटं दाखवत होते. तू उठलीस आणि विनिपेगच्या वर वीतभर अंतरावर पेन्सिलीने एक टिंब काढलंस. “इथंही नर्स विमानानेच येते. तेही हवेच्या मर्जीने.” सगळे हसले, मीही हसले.

आता तू लिहितेस की उत्तरेकडच्या बाळांच्या हिवाळ्यातल्या दम्या-खोकल्यावर प्रबंध करायचाय, आणि मार्गदर्शक मीच हवी. पुढे आईचं बोलणं लिहिलंयस. त्या वर्षी एक पोरगी बाळांची वजनं करायला आली होती, सारखी हातांवर फुंकर मारायची. “भली होती बिचारी. एवढी शिकलेली, पण बाळ धरता येत नव्हतं. रोवीना तिच्याकडे बघून हसली होती.” आणि पत्राच्या शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंयस, की आई अजून स्वतःलाच दोष देते. म्हणते, आई असून मला कळलं कसं नाही.

डेल्फीन, ती पोरगी मी होते.

सव्वीस वर्षांची होते, तुझ्यासारखीच पदवीसाठी आलेली. तुझ्या आईने मला चहा दिला, डब्यातलं दूध घालून. तू पाच वर्षांची असशील. दाराआडून बघत होतीस. वजन झालं, उंची झाली. मग घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चौसष्ट. पन्नासच्या वर गेले की त्याच दिवशी नर्सकडे पाठवायचं, हे मला पाठ होतं. पण नर्स तळ्यापलीकडे होती, तळ्यावर बर्फ अजून चालत जाण्याइतका धरला नव्हता, आणि वैमानिकाने दारातून ओरडून सांगितलं होतं, “वादळ येतंय, दहा मिनिटांत निघतोय. यायचं तर ये.” तुझ्या आईने विचारलं, “ठीक आहे ना गं ती?” मी म्हटलं, “हो, छान आहे.” रकान्यात चौसष्ट लिहिले आणि विमानाकडे पळाले. पाचव्या दिवशी रोवीना गेल्याचं मला महिन्याने कळलं. मी कुणापाशी बोलले नाही. वर्गासाठी यादी करताना श्वासांचा रकाना मी दरवर्षी काढून टाकत आले. विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून, असं सांगायचे.

तू मला मार्गदर्शक माग किंवा मागू नकोस, तो तुझा प्रश्न. मला पुन्हा पत्र लिहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. मी हे लिहिलं ते तुझ्या आईसाठी. सोबत माझ्या हस्ताक्षरातला तेव्हाच्या नोंदीचा मूळ कागद आहे, श्वासांच्या रकान्यासकट. तो आता तुमच्या घरचा. तिला सांग, तिला कळलं होतं. म्हणून तर तिने विचारलं. कळूनही खोटं बोलले ती मी. अठ्ठावीस वर्षं ती जे ओझं वाहते आहे ते तिचं नाही, माझं आहे. हे पत्र तिला तिच्या भाषेत वाचून दाखव, आणि मी काय उत्तर दिलं होतं ते सौम्य करून सांगू नकोस.

तुझीच,
सिग्रिड थॉर्लाक्सन