पलंगाखालचं प्रदर्शन

३ मार्च
आजपासून थिसिस. नोकरी सोडून क्युरेटर व्हायला निघालो त्याला बराच काळ लोटला, पण खरी सुरुवात आज. विषय पक्का: मावशीची चित्रं. तिने आयुष्यभर चित्रं काढली, एकही कधी कुठे लागलं नाही. ती मी कॉलेजच्या लांब कॉरिडॉरमध्ये मांडणार आणि त्या मांडणीवर थिसिस लिहिणार. गाईडबाईंनी एप्रिलमधला एक आठवडा मिळवून दिलाय. हे शेवटचं एक्स्टेन्शन, असं म्हणाल्या. मागच्या वेळीही म्हणाल्या होत्या, पण तेव्हा हसून.
पेन्सिलींचा नवा बॉक्स आणला. सगळ्यांना टोकं केली. दिवस सार्थकी लागला.

५ मार्च
मावशीकडे गेलो. एप्रिल संपायच्या आत ती घर आवरून मुलीकडे कायमची राहायला जाणार. चित्रं तिने जुन्या चादरींत बांधून ठेवली होती, दोन गाठोडी. म्हणाली, जायच्या आधी एकदा भिंतीवर बघायला मिळाली की झालं माझं. दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, सगळ्यात वर छोटं चित्र आहे ना, ते आधी बघ बाबा, आणि राग मानू नकोस.
कलावंताला असं भय वाटतंच. मी तिला धीर दिला.
गाठोडी पलंगाखाली ठेवली. सोडली नाहीत. चित्र आधी बघितलं की मत कलुषित होतं. आधी सैद्धांतिक चौकट, मग चित्रं. बायकोला हे नीट समजावलं. ती म्हणाली, मग पलंगाखालचा केरही तुझ्या चौकटीतच काढ.

११ मार्च
प्रकरण पहिलं सुरू. शीर्षक झालं. फॉन्ट बदलून पाहिला. आधीचाच बरा होता.

१२ मार्च
फॉन्ट पुन्हा बदलला.

१९ मार्च
मावशीचा फोन. वरचं चित्र पाहिलंस का? मी म्हणालो, अप्रतिम. ती म्हणाली, राग नाही ना आला? मी म्हणालो, उलट अंतर्मुख झालो. तर म्हणाली, असं होय, आणि फोन ठेवला.
हे खोटं बोलणं नव्हे. अप्रतिमच असणार. या बोलण्यातून प्रकरण तिसरंही सुचलं: ‘कलावंताची भीती’. मावशी माझ्या थिसिसला केवढी मदत करते आहे, तिचं तिलाच ठाऊक नाही. दुसरं प्रकरण नंतर बघू.

२७ मार्च
गाईडबाईंनी चार पानं वाचली. विचारलं, पण चित्रांत आहे काय? मी म्हणालो, थिसिस आता त्याच्या पुढे गेलाय. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. एकदम भारावल्या असाव्यात.

२ एप्रिल, दुपार
घरात कुणी नव्हतं. एक गाठोडं बाहेर ओढलं, गाठीला हात लावला, आणि पाचावर धारण बसली. खरं तेच लिहितो. चित्रं सुमार निघाली तर? मग मी नोकरी सोडली ती कशासाठी? आणि चांगली निघाली तर? मग त्यांच्यावर बोलायला माझ्याकडे काय आहे? दोन्हीकडून पंचाईत माझीच.
शिवाय गाठ फार किचकट दिसली. ओढाताण केली असती तर चादर फाटली असती. गाठोडं आत ढकललं. चहा घेतला. बरं वाटलं. चौकट अजून पक्की व्हायला हवी, एवढाच याचा अर्थ.

१० एप्रिल
आज दणका उडवून दिला. सगळी लेबलं लिहून काढली! चित्र क्रमांक एक, चित्र क्रमांक दोन, असं मावशीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत. प्रत्येकाला दोन परिच्छेद. बायकोने विचारलं, न बघितलेल्या चित्राचं लेबल कसं लिहिलंस? मी म्हणालो, लेबल चित्राचं नसतंच, बघणाऱ्याचं असतं. तिने कपाळाला हात लावला. तिचं शिक्षण वेगळ्या शाखेतलं.

२० एप्रिल
कॉरिडॉर ताब्यात. शिपाई सकाळीच हातोडी, खिळे आणि स्टूल घेऊन हजर. म्हणाला, चित्रं कुठायत साहेब? मी म्हणालो, आधी लेबलं. ती एका रेषेत येईनात. भिंतच वाकडी आहे. उतरवली, परत लावली. शिपाई स्टुलावर बसून पेंगला. मग उठला, खिळ्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि घरी गेला.
उद्या फक्त चित्रं लावायची. म्हणजे काम जवळजवळ संपलंच.

२१ एप्रिल
मावशी उद्या येणार होती, ती आजच आली. ठेवणीतली चप्पल, इस्त्रीचे कपडे, पर्समध्ये दोन चष्मे. शेजारणीलाही आणणार होते, म्हणाली, पण म्हटलं आधी आपण बघून यावं.
भिंतीवर नुसती लेबलं. मी सांगितलं, प्रदर्शनाचा हा पहिला टप्पा, यात चित्रांची अनुपस्थिती हाच अनुभव आहे. तिने मान डोलावली. जवळचा चष्मा लावून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी लेबलं वाचली, एकही सोडलं नाही. एका लेबलाशेजारच्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवून जरा उभी राहिली. मग वळून म्हणाली, तू काही खाल्लंस का रे सकाळपासून?
मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणालो, उद्या नक्की. ती म्हणाली, हो, उद्या.

२२ एप्रिल
अंग मोडून आलं. ताप नाही, पण येईल असं वाटत होतं.

२३ एप्रिल
गाईडबाईंचा फोन. कॉरिडॉर कुंभारकामाच्या मुलांना दिलाय, त्यांची मडकी तयार आहेत. ‘तयार’ हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला. माझ्या लेबलांचं काय, विचारलं. काढून ठेवलीत, घेऊन जा. पुढच्या एक्स्टेन्शनचं विचारायच्या आत फोन बंद.
ही मुलं नुसती मडकी मांडणार. कॉन्सेप्ट नोटसुद्धा नाही.

२६ एप्रिल
मावशी गेली. पोचवायला बायको आणि मी. गाडी सुटेपर्यंत चित्रांचा विषयच निघाला नाही. मी काढला नाही आणि तिने काढू दिला नाही. ती बायकोला सांगत होती, याला उपाशीपोटी बसू देऊ नकोस, डोकं दुखतं त्याचं.

२८ एप्रिल, सकाळ
बायको म्हणाली, गाठोडी परत द्यायला मावशीचं इथलं घर राहिलं नाही, निदान आता तरी सोड. मी म्हणालो, गाठ किचकट आहे. तिने एक टोक धरून ओढलं. सुरगाठ होती.
वर छोटं चित्र. टेबलाशी एक मुलगा. पिवळा शर्ट, खिसा एका बाजूने उसवून लोंबतोय. शर्ट माझा. मुलगा मी. समोर वही, कोरी. वहीशेजारी टोकं केलेल्या पेन्सिलींची रांग, सालींचा ढीग, आणि हातात आणखी एक पेन्सिल. खिडकीबाहेर अंधारून आलंय. मुलाच्या तोंडावर आत्मविश्वास इतका, की बघवत नाही.
बायको हसायला लागली ती थांबेचना. मला हसू आलं नाही.
मग बाकीची पाहिली. दोरीवरचे कपडे वाऱ्याने एका बाजूला झुकलेले. तोंडावर पेपर घेऊन झोपलेले काका. जिन्यात उतरून ठेवलेली पिशवी. चांगली आहेत. फार चांगली आहेत. मला रडू आलं, आणि या वेळी मी त्याला दुसरं काही नाव दिलं नाही.
मावशीला फोन केला. म्हणालो, पाहिलं. ती म्हणाली, बघितलंस एकदाचं. तिला मार्चमध्येच कळलं होतं. म्हणाली, ते चित्र बघून अप्रतिम म्हणणारा तू नव्हेस, तू तणतणत भांडायला आला असतास. रोज वाट बघायचे, आज येईल भांडायला, उद्या येईल.
मग म्हणाली, आता घरात लाव कुठेही, आणि एक फोटो पाठव. संध्याकाळी जावई घरी येतात, त्यांना दाखवीन. मी म्हणालो, संध्याकाळ कशाला, आत्ता लावतो.
भिंत ठरली. शिपायाने दिलेले खिळे आहेत. बायको हातोडी घेऊन उभी आहे, मला हाक मारते आहे. एवढं लिहून उठतोच. फक्त खिळ्याच्या जागी खूण तेवढी करायची. मार्चमधला बॉक्स काढला, तर पेन्सिली न वापरताच बोथट झाल्यासारख्या दिसतात. आधी टोकं करून घेतो.