तळव्यावरची सही

खंडेराव गेट, झाशी

तीर्थरूप काकाजी,

नमस्कार मागाहून, आधी बातमी: आम्ही जिंकलो!

कोकणात मत्स्य खात्यात लागल्यापासून मी गुरसरायला तुमच्याकडे आले की तुम्ही मला दाराबाहेर पाय धुवायला लावता. ‘बेटा, मच्छीवालों में रहती हो,’ म्हणता. मी मुकाट्याने धुते.

तिथल्या खाडीत बायका ओहोटीला कालवं, म्हणजे खाण्याचे धारदार शिंपले, काढतात. त्यावरच त्यांची घरं चालतात. एका ठेकेदाराला अख्खी खाडी हवी होती. सुनावणीत तो म्हणाला, ‘खाडी यांची? कागद दाखवा!’ कागद कुणाकडेच नव्हता. तेव्हा साठीच्या रखमा तांडेलने पाय पुढे केला. तळव्यावर कालवांच्या धारेचे व्रणच व्रण. ‘ही माझी चाळीस वर्सांची सही, सायबा.’ मागोमाग सदतीस बायकांनी तळवे दाखवले. सुनावणी घेणारे साहेब खुर्चीतून उठले आणि वाकून बघत राहिले. काल निकाल आला: खाडी बायकांचीच!

त्यांच्याबरोबर चिखलात उतरून माझ्याही तळव्यावर दोन व्रण आलेत.

हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या झाशीहून स्वतःच गुरसरायला येतेय. तुमच्या पाया पडेन, काकाजी. माझे पाय मात्र दाराबाहेर धुणार नाही.

तुमचीच हट्टी पुतणी,
अंबिका