अनिसेतोचा मसाला

८ जुलै

बोलून बसले! आता परत घेता येत नाही.

फोर्तुनातो आला होता, माझा धाकटा दीर. टोपी हातात फिरवत म्हणाला, "वहिनी, यंदा अठ्ठावीस तारखेचं जेवण माझ्याकडे करू. अनिसेतो नाही, तर काड्यांवरचे अँतिकुचो भाजणार कोण?"

"मी."

"तुम्ही? कोळशावर?"

"नाही, मेणबत्तीवर!"

नेरिदा खुदकन हसली. मुलगी माझ्या बाजूने हसते, एवढं बरं आहे. फोर्तुनातो मात्र हसला नाही. शेवटी ठरलं ते असं — यंदा माझ्या गच्चीवर. चव अनिसेतोच्या हातासारखी झाली तर झाली, नाहीतर पुढच्या वर्षापासून कायमचं त्याच्याकडे.

देशाचा वाढदिवस एकतीस वर्षं आमच्या गच्चीवर झाला. नोव्हेंबरात माझा नवरा अनिसेतो गेला. आता ते जेवणही या घरातून गेलं तर तो दुसऱ्यांदा जाईल. मला एवढंच समजतं.

९ जुलै

अडचण अशी की मसाला मला माहीतच नाही! सत्तावीसला संध्याकाळी तो स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा आणि तासभर खलबत्ता दणाणायचा. मी बाहेर बटाटे धूत बसायचे. विचारलं की म्हणायचा, "नवऱ्याजवळ एखादं गुपित असू दे की!"

वाचनालयातून पाकपुस्तक आणलं. व्हिनेगर — पुरेसं. जिरं — चवीपुरतं. वेळ — आवश्यक तेवढा. पस्तिसाव्या वर्षी एकटीने अक्षरं लावत वाचायला शिकले, ती हे वाचायला?

११ जुलै

परवा अँतिकुचोसाठी बैलाचं अर्धं हृदय आणलं. चरबी काढली, शिरा काढल्या, बोटाएवढे जाड चपटे तुकडे केले. इथवर मला येतं. "पुरेशा" व्हिनेगरात दोन दिवस ठेवले. तुकडे खडूसारखे पांढरे पडले. भाजल्यावर चपलेचा तळवा! शेजारच्या कुत्र्याला एक टाकला. त्याने तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच खाली ठेवला.

१३ जुलै

आज लसूण जास्त. नेरिदा म्हणते, बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

१५ जुलै

बाजारात मिरचीवालीकडे गेले. आमच्या घरात लागते ती काळसर लाल, वाळलेली मोठी मिरची तिच्याकडे चांगली मिळते. विचारलं, "अनिसेतो कुठली न्यायचा? किती न्यायचा?"

ती हातातला तराजू धरून तशीच उभी राहिली. "अनिसेतो? माझ्याकडून त्याने एक मिरची घेतली नाही कधी. दर सत्तावीस जुलैला इथे समोर, नदीपलीकडे रिमाकला जाणाऱ्या बसची वाट बघत उभा असायचा, हातात बरणी. पुलाजवळ पेरेग्रिनाची अँतिकुचोची गाडी आहे ना, तिच्याकडे जायचा. अगं, मला वाटलं तुला माहीत असेल!"

मिरची न घेताच आले. कोण पेरेग्रिना?

१६ जुलै

हसून हसून पोट दुखतंय. मधे थोडं रडूही आलं. क्रमाने लिहिते.

नदीपलीकडे गेले. पुलाजवळ कोळशाचा धूर, पांढरा ॲप्रन, सत्तरीची काळी धिप्पाड बाई आणि तिच्यासमोर रांग. बसमध्ये मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. तिला बघून ते सगळं विरघळलं असंही नाही! मुकाट्याने अँतिकुचोची एक काडी घेतली, चावली.

अनिसेतो! तीच चव. तशीच, जशीच्या तशी. मी रस्त्यात उभी, तोंडात घास आणि डोळ्यांतून धारा.

"तिखट लागलं का गं?" बाई म्हणाली.

"मी अनिसेतोची बायको."

तिने पंखा खाली ठेवला. "पुस्तकं वाचणारी?"

मग तिने सगळं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत त्याने अख्ख्या खानदानासमोर फुशारकी मारली, मी भाजतो म्हणून. मांस नासवलं. धावत तिच्याकडे आला, रडकुंडीला. तेव्हापासून दरवर्षी बरणीभर मसाला तिच्याकडून.

"मग तो आत दार लावून तासभर कुटायचा काय?"

"ते मला काय माहीत? मी तर वाटूनच द्यायची!"

रिकामा खलबत्ता! एकतीस वर्षं तो माणूस रिकामा खलबत्ता कुटत होता! मी तिथे फुटपाथवर बसले आणि हसत सुटले. पेरेग्रिनाही हसायला लागली. रांगेतला एकजण ओरडला, "बायांनो, आमच्या काड्या जळतायत!"

"दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी बायकोला सांगतो," ती म्हणाली. "मी म्हणायची, सांग की मेल्या. तर म्हणे, ती पुस्तकं वाचते, तिला सगळं कळतं. मला हे एक तरी येतं असं वाटू दे तिला."

यावर मला हसू आलं नाही.

मग मी बरणीभर मसाला मागितला. आता काय, प्रश्नच सुटला! तर म्हणाली, "तुला नाही विकणार."

"का?"

"बायकोपासून लपवणाऱ्याला विकला, ते माझं पाप पुरेसं आहे. तू उद्यापासून ये. शिकवते."

घरी आल्यावर त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. जेवायला बसताना परत वळवला.

१७ जुलै

नेरिदाला सांगायचं नाही, ठरलं. तिचे वडील आहेत. फोर्तुनातोला तर मुळीच नाही. "माझ्या भावाचा हात, माझ्या भावाचा हात" म्हणत छाती फुगवतो, त्याची हवा मी काढणार नाही. अनिसेतोची अब्रू आता माझ्या पदरात.

२० जुलै

मिरची आधी भाजायची, मग भिजवायची. जिरं ताजं कुटायचं. व्हिनेगर तुकड्यांना लागेल इतकंच, बुडेल इतकं नाही, आणि एकच रात्र. बोरूच्या काड्या पाण्यात टाकून ठेवायच्या, म्हणजे पेटत नाहीत. मक्याची हिरवी पानं फाडून त्यांचा कुंचा बांधायचा, तेल-मसाल्यात बुचकळायचा आणि भाजताना मारायचा. मी हलक्या हाताने लावत होते. पेरेग्रिना ओरडली, "भिंत रंगवतेस का? झटका दे! निखाऱ्यावर पडू दे, ज्वाळा उठू दे!"

झटका दिला. ज्वाळा उठली. डावी भुवई निम्मी गेली.

पंचावन्न वर्षांची मी, अर्ध्या भुवईने बसमध्ये एकटीच हसत होते. लोक सरकून बसले.

२४ जुलै

पेरेग्रिनाच्या मसाल्यात मी आज संत्र्याच्या साली किसून घातल्या. न विचारता! तिने चाखला. मग म्हणाली, "हे माझं नाही."

"वाईट आहे?"

"वाईट आहे असं म्हटलं का मी? माझं नाही एवढंच म्हटलं."

आता पंचाईत! तिच्यासारखा केला तर फोर्तुनातो फसेल, जेवण घरात राहील. माझ्यासारखा केला तर कोण जाणे.

२७ जुलै

स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून कुटला. साल घातली.

२८ जुलै

पावसाची भुरभुर होती, पण झेंडा लावला, निखारे धरले. चौदा माणसं. फोर्तुनातो परीक्षकासारखा हाताची घडी घालून समोरच बसला.

कुंच्याचा झटका दिला तशी ज्वाळा उठली आणि पोरं "ओऽऽ" करून मागे सरली. पहिली काडी झाली. पहिली काडी भाजणाऱ्याची, हा नियम. उभ्या उभ्या खाल्ली. कडा करपलेल्या, आत मऊ, ओठ भाजले. तेव्हा लक्षात आलं — एकतीस वर्षं मी खाली बटाटे, मका, पानं बघत राहिले. माझी काडी नेहमी शेवटची आणि गार. गरम अँतिकुचो या गच्चीवर मी आज पहिल्यांदा खाल्ला! दुसरीही मीच खाल्ली.

मग फोर्तुनातोने घेतली. चावली. थांबला.

"वहिनी, ही अनिसेतोची चव नाही."

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य, की फोर्तुनातो गार! गिळलं.

"नाही भाऊजी," म्हणाले. "ही माझी आहे."

त्याने दुसरी काडी घेतली. मग तिसरी. नेरिदाने मोजल्या, म्हणते सात. पण पुढच्या वर्षाचं एक अक्षर बोलला नाही. टोपी घातली आणि गेला.

म्हणजे हरले बहुतेक. तरी धुराचा वास अंगाला आहे आणि मला आंघोळ करवत नाही.

३१ जुलै

फोर्तुनातो आला. आत येईना, गच्चीच्या जिन्यातच बसला. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही कुंचा मारलात, तसा या शहरात एकच बाई मारते. पहिल्या वर्षी अनिसेतोचं मांस नासलं, तेव्हा तिच्याकडे मीच त्याला नेलं होतं. तुम्ही मसाल्याच्या मागे लागाल आणि त्याचं उघडं पडेल, म्हणून जेवण माझ्याकडे मागत होतो. आता राहू दे इथेच."

मी त्याच्यापासून लपवत होते, तो माझ्यापासून! मी पायरीवर बसले ती हसतच. तो हसला, मग टोपीने डोळे पुसले, मग परत हसला.

नेरिदा खालून ओरडली, "काय झालं गं?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "काही नाही!"