किसनमामांचं मधलं बोट

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

किसनमामा आज मी बांधलेला नवा अ‍ॅम्प्लिफायर न घेताच गेले. आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत ते कित्येक वर्षं बेस गिटार वाजवतात. त्यांच्या जुन्या अ‍ॅम्पचा आवाज वाढवला की फाटायचा, म्हणून मी दुप्पट ताकदीचा बांधला. कितीही जोरात वाजवा, सूर स्वच्छ. लई मिरवत होते मी.

मामांनी एक कडवं वाजवलं आन् थांबले. एकाआड एक ठोका हलका पडत होता. बेसच्या तारा दोन बोटांनी आळीपाळीनं छेडतात; त्यातलं मधलं बोट. आजारपणानंतर त्यात जोरच राहिलेला नाय, हे मला आज कळलं. जुना अ‍ॅम्प फाटायचा तेव्हा हलके-भारी ठोके एकसारखे करून टाकायचा. त्या खरखरीमागं मामांचं बोट झाकलं जात होतं, आन् मी शहाणी नुसती खरखर ऐकत बसले.

"झ्याक झालाय," मामा म्हणाले. "पण माझ्यासाठी नाय, पोरी."

मग कुणासाठी बांधला? माझ्याच कानांसाठी, व्हय.

उद्या तो उघडते. ताकद कमी करते, जरा लवकर फाटू देते. भीमजयंतीला ते मधलं बोट बाकीच्यांत मिसळलं पाहिजे.

मामांनी विचारलं तर सांगीन, मला एवढाच जमला.