लेकीच्या अंगणातलं अंजीर

धाकटे,

रविवारच्या प्रवचनासाठी बायबलमधल्या हिब्रू संदेष्ट्यानं हद्दपारांना दिलेला निरोप वाचतोय: परमुलखातच घरं बांधा, झाडं लावा, त्यांची फळं खा. वीस वर्षं हे मी घसा ताणून सांगत आलो. पण भर मंडळीसमोर माझं म्हणणं खोडून काढलंस म्हणून तुला घराबाहेर काढलं, तेव्हा प्रार्थना केली ती तुझं कुठंच बस्तान बसू नये, नाक घासत परत यावीस, अशी.

आज तुझ्या आईनं वहीशेजारी एक अंजीर ठेवलं. "लेकीच्या अंगणातलं आहे. खाऊन तर बघा."

म्हणजे ती तुझ्याकडे येत असते!

खाल्लं. "तुरट आहे," म्हणालो.

खोटं बोललो, पोरी. हे पत्र टपालात टाकायची छाती नाही. रविवारी मात्र त्याच तोंडानं प्रवचन करायचंय.

तुझा,
बाबा