मी न लावलेले कुलूप

श्रीयुत व्याहीबुवा यांच्या सेवेसी,

सविनय नमस्कार. आपण, विहीणबाई, जावईबापू आणि आमची कन्या असे सर्वजण सुखरूप असाल, असे गृहीत धरून पत्रास आरंभ करतो. (‘सुखरूप’ हा शब्द इतर लोक पत्रात सवयीने लिहितात. मी तो तपासून लिहितो. आपल्या कारखान्याच्या बाबतीत तो गृहीतच धरावा लागतो, म्हणून तसे म्हटले.) आपल्या गुडघ्यास आता आराम पडला असेल. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब तेवढा वर गेला आहे. तो कोणी वर नेला, हे आपणांस ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार करत नाही.

हे सर्व मी दूरध्वनीवर बोललो असतो. परंतु गेल्या आठवड्यात मी मुद्द्यावर येताच आपणांस माझा आवाज तुटक ऐकू येऊ लागला, आणि मी हवापाण्याविषयी बोलू लागताच तो पूर्ववत झाला. पत्रात ही सोय नाही. पत्र तुटक वाचता येते, परंतु ते टेबलावर तसेच पडून राहते आणि विहीणबाई ते उचलून वाचतात.

मुळापासून सांगणे भाग आहे. मी चौथी इयत्ता शिकलो, परंतु ती संपूर्ण शिकलो. पुढील सर्व आयुष्य मोठ्या कारखान्यात क्रेनच्या आकड्याखाली गेले. वर टांगलेल्या ओझ्याखाली उभे राहू नये, एवढी एक गोष्ट मी नवीन माणसांना इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगितली, की निवृत्त होताना साहेबांनीच सुचवले, ‘आता हे अधिकृतपणे सांगा.’ म्हणून मी संस्थेत जाऊन कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा प्रशिक्षक झालो. रबरी पुतळ्याची छाती दाबली, त्याच्या तोंडात फुंकर घातली, आग विझवून दाखवली, तोंडी परीक्षा दिली. प्रमाणपत्र हातात देताना संस्थेचे तत्कालीन प्रमुख म्हणाले होते, ‘आजोबा, हे आता जन्मभराचं.’ मी ते चौकटीत बसवून घेतले. पुढे नवीन प्रमुख आले आणि त्यांनी जन्मभराची मुदत तीन वर्षांवर आणली. माझे ज्ञान दुधासारखे नासते, असे त्यांचे मत पडले. तेव्हापासून दर तीन वर्षांनी मला, मी अजून मीच आहे, हे सिद्ध करावे लागते.

या खेपेस तर त्यांनी कहर केला. प्रथम छायाचित्र मागितले. मी हेल्मेट घालून काढलेले पाठवले. ते ‘डोके झाकलेले आहे’ या कारणाने परत आले. (सुरक्षिततेच्या संस्थेने हे म्हणावे!) नंतर संगणकावर परीक्षा. तीत शिरण्यापूर्वी, आपण यंत्र नसून मनुष्य आहोत, याची खात्री पटवण्यासाठी वाहतुकीचे दिवे असलेली चित्रे निवडायची होती. त्यांतील एका चित्रात दिव्याचा खांब उघडपणे कलला होता आणि त्याच्या बुडाशी वायर लोंबत होती. असा खांब निवडणे माझ्या बुद्धीस पटेना, म्हणून मी तो सोडला. त्यावर संगणकाने मला यंत्र ठरवले. त्यानंतर गुणांसाठी परिसंवाद. ‘बसण्याची योग्य पद्धत’ या विषयावर मला एका मोडक्या खुर्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवण्यात आले. त्या सभागृहाचे आणीबाणीचे दार चहाच्या टेबलांनी अडवले होते. मी उभा राहून ते निदर्शनास आणले. आयोजकांनी माझे आभार मानले आणि मला चहापासून दूरच्या खुर्चीवर नेऊन बसवले.

हे सर्व मी गिळले, कारण शेवटची पायरी तेवढी उरली होती. एका चालू कारखान्यात, खऱ्या कामगारांपुढे, परीक्षक बाईंच्या समक्ष एक वर्ग घेऊन दाखवायचा. मी जागा शोधत आहे, हे कळताच आपण स्वतः पुढे झालात आणि म्हणालात, ‘अहो, आपला कपाटांचा कारखाना काय परका आहे का?’ त्या क्षणी मला गहिवरून आले होते, हे मी नाकारत नाही. आता ते परत घेतो.

या वर्गाची रीत आपण पाहिलीच आहे. तरी आपली स्मरणशक्ती सध्या सोयीने चालते, म्हणून पुन्हा लिहितो. प्रशिक्षकाने आधी जाऊन जागेत काही दोष मुद्दाम मांडून ठेवायचे. मग शिकवायचे. मग कामगारांनी हिंडून ते दोष शोधायचे. आणि शेवटी, मांडलेला प्रत्येक दोष मांडणाऱ्यानेच, ‘हा माझा’ असे मोठ्याने म्हणून, स्वतःच्या हाताने उचलायचा. खोटा धोका मागे राहून खरा होऊ नये, यासाठी हा नियम आहे, आणि संस्थेच्या सर्व नियमांत मला मनापासून मान्य असलेला तेवढा एकच आहे.

मी पाच दोष मांडले. ते मांडण्यात मला, खरे सांगतो, कलावंताचा आनंद झाला. शिडीच्या एका पायाखाली वीट सरकवली. वाटेत आडवी वायर सोडली. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत रंगीत पाणी भरून ‘थिनर’ म्हणून ठेवली. पॉलिशच्या चिंध्यांचा ढीग हीटरजवळ रचला. आणि सोबत आणलेले अग्निशामक फळ्यांच्या थप्पीमागे लपवले. मात्र लपवताना तिथे आपल्या कारखान्याचे अग्निशामक आधीपासूनच लपलेले आढळले. त्यावर कोणीतरी टोपी अडकवली होती.

पुढे काय झाले? माझ्या पाचांपैकी एकही दोष कोणास सापडला नाही. आपल्या कारखान्यात ते दोष म्हणून उठूनच दिसेनात. विटेवरची शिडी आपल्या सुतारास नेहमीच्या शिडीपेक्षा भक्कम वाटली आणि परीक्षा चालू असतानाच तो तीवर चढून कपाटाला बिजागरी बसवू लागला. आडव्या वायरीवर कोणी वाळत घातलेला हातरुमाल होता. तो मी घातलेला नव्हे. पॉलिशवाल्याने माझी बाटली उचलून ब्रश धुतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘आजोबा, या थिनरात काही दम नाही हो. आमच्या बाटल्या बघा.’ आणि त्याने खरोखरच पाण्याच्या बाटल्यांची एक रांग दाखवली. चिंध्यांच्या ढिगाबद्दल तर परीक्षक बाईंनीच मला विचारले, की यांतला तुमचा ढीग कोणता?

परंतु व्याहीबुवा, मी तासभर शिकवले होते, आणि आपली माणसे बहिरी नाहीत. माझे दोष त्यांना दिसले नाहीत. बाकीचे भराभर दिसू लागले. करवतीचे झाकण काढून ठेवले आहे. कागदी पट्टीने जोडलेला वीजजोड गरम होतो. आजवर ते हे बोलले नव्हते, कारण बोलणे म्हणजे मालकाला नावे ठेवणे. आज परीक्षा होती. सर्व काही आजोबांनीच मांडलेले असणार, अशी त्यांची समजूत होती. तेव्हा प्रत्येकजण मोकळेपणाने ओरडून सांगू लागला. आणि शेवटी पॉलिशवाला मागच्या दाराशी जाऊन टाळी वाजवत म्हणाला, ‘अहो आजोबा, हे कुलूप! हे फारच सोपं दिलंत!’

नेमके त्याच वेळी आपण चहा सांगून आत आलात. परीक्षक बाईंनी आपणांस विचारले, की हे दार नेहमी असेच असते का? मी आपल्या तोंडाकडे पाहत होतो. आपण एकवार माझ्याकडे पाहिलेत, एकवार त्यांच्या हातातील पेनाकडे पाहिलेत, आणि मोकळे हसून म्हणालात, ‘छे हो! हे सगळं आमच्या व्याह्यांनीच मांडलंय! परीक्षा त्यांची ना? फार हौशी माणूस!’

बाई माझ्याकडे वळल्या. ‘मग नियमाप्रमाणे आता तुमचे दोष उचला,’ म्हणाल्या. मी माझे पाच उचलले. (शिडीसाठी सुतारास खाली येण्याची विनंती करावी लागली.) बाईंनी कुलुपाकडे बोट केले. ‘आणि हे?’ मी म्हणालो, माझ्यापाशी याची चावी नाही. त्यावर आपण, खिशावर हात ठेवून, ‘असेल असेल, नीट बघा, वयामुळे विसरतं माणूस,’ असे म्हणालात. आपल्या हाताखाली ती चावी वाजली, व्याहीबुवा. मी कारखान्याच्या गोंगाटात आयुष्य काढले असले तरी ती मला ऐकू आली.

आपण विचाराल, तेव्हाच का बोलला नाहीत? कारण जिन्याच्या वरच्या पायरीवर आमची मुलगी उभी होती. आपल्याच कारखान्याचे हिशेब ती पॉलिशच्या खोलीवरच्या त्या माळ्यावर बसून लिहिते, आणि माळ्यावरून खाली येणारा तो एकच जिना त्या मागच्या दारापाशी उतरतो. तिने मला डोळ्यांनीच, ‘बाबा, नको,’ म्हटले. ज्या घरात तिला नांदायचे आहे, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला मी चार माणसांत खोटे पाडू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. मी तोंडात गुळणी धरली. जन्मात प्रथमच मी दोष पाहूनही गप्प उभा राहिलो, आणि त्याबद्दल मला जो शेरा मिळाला तो असा: ‘प्रशिक्षकाने माणसे आत असताना बाहेर पडण्याच्या दारास कुलूप लावले व चावी हरवली. नूतनीकरण नामंजूर.’

घरी आल्यावर हे सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या प्रथम म्हणाल्या, ‘तुम्ही गप्प बसलात? तुम्ही?’ आणि मग चेहरा पाडून, ‘म्हणजे आता दिवसभर घरातच का?’ त्यांची भीती रास्त आहे. वर्ग नाहीत म्हणून मी सध्या घराचे निरीक्षण करतो. स्वयंपाकघरातील चाकूंना जागा ठरवून दिली, पायपुसणे जमिनीस चिकटवले. काल त्यांनी मला, ‘एखादा खराखुरा धोका बाहेर जाऊन शोधा हो,’ अशी विनंती केली. परंतु प्रमाणपत्राविना मला कोणत्याही कारखान्याच्या फाटकातून आत सोडत नाहीत. काल-परवापर्यंत जिथे पहारेकरी उठून उभे राहत, तिथे आता ते मला, कोणाला भेटायचे आहे, असे विचारतात. कोणाला भेटायचे आहे, हे मला सांगता येत नाही.

असो. माझ्या मनात आपल्याविषयी किल्मिष नाही. जे आहे ते वर लिहिले आहे. विहीणबाईंस नमस्कार. आपला लोभ होता तेवढाच राहू द्यावा. त्यात भर घालण्याची ही वेळ नव्हे.

आपला,
व्याही
(प्रशिक्षक. पुढे ‘माजी’ हा शब्द मी अजून लिहिलेला नाही.)

ता. क. : लिहावे की नाही या विचारात होतो, परंतु सौभाग्यवती पाठीशी उभ्या आहेत. निकालाविरुद्ध संस्थेकडे दाद मागता येते. त्याची मुदत महिनाअखेरीस संपते. ‘सदर कुलूप व इतर दोष माझ्या कारखान्याचे असून व्याह्यांनी मांडलेले नाहीत,’ एवढे आपण लिहून द्यावे, म्हणजे माझे प्रमाणपत्र परत मिळेल. मसुदा सोबत जोडला आहे. शुद्धलेखन तपासले आहे. आपण केवळ सही करायची आहे. ही विनंती आहे, आणि मी विनंत्या फारशा करत नाही, हे आपण जाणता.

पुन्हा ता. क. : मी मांडलेल्या दोषांपैकी शिडीखालून काढलेली वीट गडबडीत तिथेच कडेला राहिली. ती माझी आहे. सुतारास ती हवी असेल तर ठेवून घ्यावी, परंतु शिडीखाली नव्हे.

शेवटचे ता. क. : पाकीट चिकटवण्यापूर्वी मुलीचा दूरध्वनी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी सहज विचारले, की मागच्या दाराचे कुलूप निघाले का? ती हसून म्हणाली, ‘निघालं ना बाबा. ते गंजलं होतं, म्हणून सासऱ्यांनी नवीन आणलंय. चांगलं मोठं आहे. माणसं मागून विडी प्यायला पळतात म्हणे.’ ती हसत होती आणि तिच्या मागे, खाली, पॉलिशचे यंत्र चालल्याचा आवाज येत होता.

व्याहीबुवा, मसुदा मी पाकिटातून काढून फाडला आहे. आपली सही नको. उलट संस्थेस मीच कळवतो, की आपण परीक्षक बाईंना सांगितलेत ते खरे असून ते कुलूप माझेच आहे. त्यांनी माझे प्रमाणपत्र खुशाल रद्द करावे. मात्र मग नियमही लागू होतो. मांडलेला दोष मांडणाऱ्यानेच, ‘हा माझा’ असे मोठ्याने म्हणून, स्वतःच्या हाताने उचलायचा असतो.

उद्या सकाळी येत आहे. चावी आपल्या खिशातच राहू द्यावी. मी लोखंड कापायची हॅकसॉ आणतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच कापीन, काळजी नसावी. दार उघडल्यावर चहा घेईन.